सव्वादोनच्या पाटल्या



मार्गशीर्षात आमच्या घरी मुलाचं लग्न आहे. त्यामुळे सध्या गांधीबागेतल्या आमच्या घरात खाली दुकानात कापडाचे गठ्ठे आणि वर बैठकीत याद्यांचे कागद, असा दोन्हीकडे पसारा आहे. मागच्या महिन्यात सासूबाईंनी कपाटातून लाल कापडाचं गाठोडं काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. आत त्यांच्या पाटल्या होत्या. चांगल्या जाड, वर वेलबुट्टी कोरलेली, कडा इतक्या वर्षांत गुळगुळीत झालेल्या.

"या घालायच्या सुनेला. कायले लागते नवीन?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. पण माझा उजवा हात आपोआप डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी गेला. तिथे आता काहीच नाही. पण १९९६ साली तिथे तीन दिवस काळानिळा डाग होता.

आमच्याकडे लग्न लागलं की सासूनं सुनेच्या हातात पाटल्या घालायच्या, अशी रीत आहे. माझ्या लग्नात कारंज्याच्या मांडवात सगळ्या बायका जमल्या होत्या. पाटली बोटांच्या उंचवट्याशी येऊन अडली. कुणीतरी म्हणालं, "साबण आणा." साबणाच्या पाण्याचा तांब्या आला. एका बाईनं माझा अंगठा तळहातात दाबून धरला, दुसरीनं पाटली रेटली. हाड आणि सोनं यांच्यामध्ये कातडी सापडली की काय होतं, ते ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. पाटली गेली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, दुसरा हात पुढे केला. फोटोत मी हसते आहे, पण नीट पाहिलं तर प्रत्येक फोटोत डावा हात पदराखाली आहे.

माझं माप कुणी विचारलंच नव्हतं. पाटल्यांचं माप सव्वादोन होतं, माझ्या हाताचं दोन-सहा. एवढाच फरक.

एकदा चढल्या त्या मी काढल्याच नाहीत. काढायच्या म्हणजे पुन्हा तो साबणाचा तांब्या. अकरा वर्षं मी कणीक मळली ती पाटल्यांसकट, बाळंतपण केलं ते पाटल्यांसकट. मग २००७ च्या एप्रिलमध्ये गच्ची धुताना पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. रिक्षा दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात फुगून आला. काचेच्या बांगड्या फोडून काढल्या, पण पाटली निघेना. बोटं निळसर पडायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सोनं पाहू की हात?" पाटली कापावी लागली.

सासूबाईंनी तो कापलेला दागिना हातात घेतला, काही बोलल्या नाहीत. महिनाभरानं सोनाराकडून झाळून आणला, दोन्ही पाटल्या लाल कापडात बांधल्या आणि कपाटात ठेवल्या. मला परत कधी घाल म्हणाल्या नाहीत. त्या रागावल्या असं मी समजले, आणि आजवर तेच समजत होते.

आता तुम्ही म्हणाल, सुनेला नवीन करून टाका, प्रश्न मिटला. तेच जमत नाही. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी सासूबाईंनी आणि मी माताजींसमोर परिग्रह-परिमाण घेतलं. घरात आहे त्याच्यावर सोनं वाढवायचं नाही, मुलाच्या लग्नात मंगळसूत्र आणि अंगठी एवढी सवलत. घरी आल्यावर सासूबाईंनी हिशेब मांडला तेव्हा गंमत झाली. त्यांचा तोळा जुना, म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. आजच्या सराफाचा तोळा सरळ दहा ग्रॅमचा. जुन्या तोळ्यात लिहिलं तर परिमाण मोठं होतं, नव्यात लिहिलं तर लहान. त्या म्हणाल्या, "लहान लिही. मोठं लिहून कोणाला फसवायचं?"

म्हणून पाटल्या याच. पण नव्या मुलीच्या हातात त्या साबण लावून जाणार नाहीत, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

होणारी सूनबाई पुण्याला नोकरी करते. ती नागपूरला आली तेव्हा तिला घेऊन मी इतवारीला गेले. आमच्या घरापासून सराफा पायी दहा मिनिटं. आधी हिरव्या चुड्यासाठी कासारकाकांकडे थांबलो. त्यांनी तिचा हात नुसता हातात घेतला, बोटांच्या मुळाशी हलकेच दाबला आणि म्हणाले, "दोन-आठ." टेप नाही, कडं नाही. पन्नास वर्षं हात पाहणाऱ्या माणसाची ही विद्या. काच ताणली जात नाही, म्हणून कासाराला चुकून चालत नाही. सोनाराला मात्र साबण मदत करतो!

मुलगी हसून म्हणाली, "काकू, शाळेत मी बास्केटबॉल खेळायची. हात मोठाच आहे माझा." ते ती जरा ओशाळून म्हणाली, आणि ते मला लागलं. हात मोठा असणं हा काय दोष आहे?

तिथेच मला वाटलं की हे मापाचं प्रकरण आपण बायकांनी नीट समजून घेतलं पाहिजे. आयुष्यभर बांगड्या घालतो, पण "दोन-चार म्हणजे काय" विचारलं तर निम्म्या जणी गप्प बसतील. मीही बसले असते. त्या दिवशी कासारकाकांकडून आणि सराफाच्या कारागिराकडून जे शिकले ते लिहिते.

बांगडीचं माप म्हणजे तिचा आतला व्यास, एका आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत, इंचात. पहिला आकडा इंच. दुसरा आकडा इंचाचा सोळावा भाग. जसे रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा भाग. म्हणून दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार आणे, म्हणजे सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच. आजी लोक सव्वादोन, अडीच म्हणत, ते बरोबरच होतं. घोटाळा झाला तो डब्यावर २.४, २.८ असं टिंब देऊन छापायला लागल्यापासून. माझ्या भाचीनं फोनवरून बांगड्या मागवल्या. तिचा हात नाजूक, म्हणून तिनं २.१० निवडलं. दोन पूर्णांक एक दशांश, म्हणजे २.२ पेक्षा लहान, असा तिचा हिशेब. आल्या त्या कोपरापर्यंत जातील अशा! २.१० हे २.८ च्याही वरचं माप आहे.

घरी माप घ्यायचं तर शिवणाची टेप पुरते. बांगडी घालताना करतो तसा अंगठा करंगळीकडे आत घ्या आणि हाताचा जो भाग सगळ्यात रुंद होतो तिथे टेप फिरवा. घट्ट आवळू नका. जे सेंटिमीटर येतील ते असे वाचा:

साधारण १७ सेंटिमीटर – दोन-दोन
१८ सेंटिमीटर – दोन-चार
१९ सेंटिमीटर – दोन-सहा
२० सेंटिमीटर – दोन-आठ
२१ सेंटिमीटर – दोन-दहा

म्हणजे एक माप चढलं की आतला घेर एक सेंटिमीटरनं वाढतो. १९९६ साली माझ्या हातावर जे झालं ते या एका सेंटिमीटरमुळे. मधलं माप आलं तर काचेच्या बांगडीला वरचं घ्या. ज्या हाताला जास्त काम, तो हात सहसा थोडा मोठा असतो, म्हणून माप त्याचं घ्या. रुंद पाटली किंवा तोडा असेल, किंवा सात-आठ बांगड्या एकत्र घालायच्या असतील, तर अगदी नेमकं माप टोचतं, थोडं सैल बरं. आणि जुनी बांगडी अडली तर साबणाआधी हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा आणि तिच्यावरून बांगडी सरकवा. कातडी सोलत नाही.

अंगठीचं गणित वेगळं. आपल्याकडच्या अंगठीच्या नंबरात चाळीस मिळवले की आतला घेर मिलिमीटरमध्ये येतो. बारा नंबर म्हणजे साधारण ५२ मिलिमीटर. पण बोट दिवसभर एकसारखं राहत नाही. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी, गांधीबागेतून सराफ्यापर्यंत चालत जाऊन अंगठीचं माप दिलं. नागपूरचा मे म्हणजे तुम्हाला माहीत आहेच, पारा ४५ च्या आसपास आणि बोटं मुगाच्या भजीसारखी फुगलेली. डिसेंबरात गहू पाखडताना ती अंगठी कधी गळाली ते कळलंच नाही. तेव्हा फार ऊन नाही, फार थंडी नाही, अशा वेळी, दोन घटका बसून मग माप द्या. पेराच्या सांध्यावरून जाताना अंगठी जरा अडली पाहिजे आणि खाली गेल्यावर सहज फिरली पाहिजे. पट्टी रुंद असेल तर नंबर थोडा वरचा. आणि सगळीकडून खडे जडवलेली अंगठी पुढे लहानमोठी करणं अवघड जातं, तिचं माप चुकवू नका.

मंगळसूत्राची लांबी दुकानातल्या आरशात ठरवू नये. घरी दोरा गळ्यात घालून, वाकून झाडून, भाकरी थापून पाहावं. जे पीठात लोळतं ते लांब झालं. कानातल्याचं माप म्हणजे त्याचं वजन. भोक ओघळायला लागलं की कान सांगतो आहे, ऐकावं.

सैल दागिन्याचा आणखी एक त्रास म्हणजे आवाज. मी सामायिकाला बसले की माझ्या सैल बांगड्या मनगटावरून घसरतात आणि खळखळतात. आमच्या शेजारच्या ओसवाल काकूंनी एकदा मला मिथिलेच्या नमी राजाची कथा सांगितली. त्यांच्याकडे उत्तराध्ययनाच्या निमित्तानं ती सांगतात. राजाला दाहज्वर झाला. राण्या त्याच्यासाठी चंदन उगाळत होत्या आणि सगळ्यांच्या हातातल्या कंकणांचा आवाज त्याला सहन होईना. राण्यांनी सौभाग्याचं एकेक कंकण ठेवून बाकीची उतरवली. चंदन तर उगाळलं जात होतं, पण आवाज थांबला. राजानं विचारलं, हे कसं? उत्तर मिळालं, एकच असलं की ते कशावर आपटणार? त्या विचारातून त्याला वैराग्य झालं. काकू सांगून थांबल्या, आणि मी माझ्या हातातल्या आठ बांगड्यांकडे पाहत राहिले. तेव्हापासून सामायिकाच्या वेळी दोनच. दागिन्यांची संख्या हेसुद्धा एक मापच आहे.

तर आम्ही सराफाकडे पाटल्या पुढे ठेवल्या. कारागिरानं डोळ्याला भिंग लावून पाहिल्या. म्हणाला, "काकू, सव्वादोनची अडीच करायची म्हणजे प्रत्येकीत दोन सेंटिमीटर नवीन पट्टी घालावी लागेल. वेल तिथे तुटेल. नुसती ताणून इतकी वाढत नाही, चिरेल. आणि ही एक आधीच कापून झाळलेली आहे." मग तो म्हणाला, "पण हिचा हात कशाला मोजता? मनगट मोजा ना."

मुलीचं मनगट भरलं सोळा सेंटिमीटर. पाटलीचा घेर अठरा. म्हणजे मनगटाला पाटली छान बसत होती, वर बोटभर जागा ठेवून. अडचण होती फक्त आत शिरण्याची. कारागीर म्हणाला, पाटली दोन ठिकाणी कापायची, एका बाजूला बिजागरी आणि समोर पेच. सोनं भरीव आहे म्हणून हे जमतं, पोकळ किंवा आत लाख भरलेली असती तर तापवता आली नसती. पेचाला जरा कडक सोनं घालावं लागतं, मऊ सोन्याचे आटे झिजतात. सोनं वाढणार ते फक्त काही ग्रॅम. कापलेल्या पाटलीची बिजागरी मात्र तो त्या जुन्या झाळलेल्या जागीच बसवणार होता. "ती जागा तशीही कच्ची आहे," तो म्हणाला. जाताजाता मी मंगळसूत्राचंही पाहिलं. नवीन दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आहे ना, ते बघाच, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

उपाय सापडला, पण सासूबाईंच्या पाटल्या, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय कापणं मला मान्य नव्हतं. रात्री जेवणं आटोपल्यावर मी त्यांच्यापाशी बसले.

"आई, या पाटल्या कापाव्या लागतील."

त्या गप्प. मग म्हणाल्या, "साबण लावला तर नाही जाणार?"

आणि मी अठ्ठावीस वर्षं न बोललेलं बोलले. "आई, माझ्या हाताला फार लागलं होतं. तीन दिवस अंगठा हलत नव्हता. त्या पोरीला तसं नको."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी नेमकं बोट ठेवलं. "इथे ना? मी पाहिलं होतं. बोलायची माझी हिंमत नव्हती. माझ्या सासूबाई समोर उभ्या होत्या."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. १९६२ साली अचलपूरहून लग्न होऊन आल्या तेव्हा वय सोळा. हात दोन-दोनचाही नव्हता. सव्वादोनच्या पाटल्या कोपरापर्यंत जात आणि विहिरीवर वाकलं की हातातून निसटत. म्हणून त्या पाटलीच्या मागेपुढे घट्ट काचेच्या बांगड्या भरत, आणि काच फुटली की आतून दोरा गुंडाळत. पाटली हरवली तर काय, या भीतीनं पहिली दोन वर्षं त्यांना झोपेतही हात मुठीत धरायची सवय लागली होती. "माझ्या सासूबाईंच्या हाताचं माप होतं ते," त्या म्हणाल्या. "त्यांनी आपल्यासाठी केल्या होत्या. बरोबर बसल्या त्या त्यांनाच. मला सैल, तुला घट्ट."

"मग दवाखान्यातून आल्यावर तुम्ही बोलला का नाहीत? मला वाटलं, पाटली कापली म्हणून..."

"पाटलीचं काय घेऊन बसलीस! तुझी बोटं निळी झालेली पाहिली मी. पुन्हा घाल म्हणायला तोंड होतं का मला?"

सतरा वर्षं आम्ही दोघी एका घरात एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो. एकीला वाटत होतं ती रागावली, दुसरीला वाटत होतं ती दुखावली.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काप. दोन्ही काप. पण वेल राहिली पाहिजे."

मला तेव्हा जाणवलं की आपण परिग्रह-परिमाण घेतो तेव्हा तोळे मोजतो, आणि ते मोजावेतच. पण आपल्या शास्त्रात परिग्रह म्हणतात तो वस्तूपेक्षा वस्तूवरच्या ममत्वाला. पाटल्या तेवढ्याच होत्या, एक गुंज वाढली नव्हती, तरी तीन पिढ्यांत त्यांनी दोन हात दुखवले, कारण हातापेक्षा पाटली मोठी झाली होती. सासूबाईंनी "काप" म्हटलं त्या क्षणी त्यांचं परिमाण खरं पुरं झालं, असं मला वाटतं.

मागच्या शनिवारी पाटल्या आल्या. मुलगी पुन्हा नागपूरला आली होती. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. पेच फिरवला, पाटली उघडली, मनगटाभोवती घेतली, बंद केली. ना साबण, ना तांब्या. मुलीनं हात वर करून पाहिला आणि म्हणाली, "आजी, रात्री काढून ठेवली तर चालेल ना?"

"तुझा हात आहे, तू ठरव," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच तो पेच दोनदा उघडून, दोनदा बंद करून पाहिला, लहान मुलीसारखा. शेवटी पाटली स्वतःच्या मनगटावर लावली. वयानं त्यांचा हात पुन्हा दोन-दोनचा झाला आहे. पाटली खाली घसरली, तशी त्या हसल्या आणि काढून मुलीच्या हातात दिली.

मैत्रिणींनो, लग्नाच्या यादीत आपण पहिली ओळ काय लिहितो? शालू किती, आहेर किती, पंगतीत गोड काय. या वेळी मी यादीच्या डोक्यावर सुनेचं माप लिहिलं आहे. बांगडी दोन-आठ, मनगट सोळा, अंगठी चौदा, आणि हे सगळं तिला समोर बसवून, तिला विचारून घेतलं. तुमच्या घरी लग्न असेल तर एवढं नक्की करा. टेप दहा रुपयांची येते. आणि घरात एखादी जुनी पाटली लाल कापडात बांधून ठेवली असेल, तर ती काढून ज्यांनी घातली त्यांना एकदा विचारा, ती त्यांना कशी बसायची.

जय जिनेंद्र.